तळवीच्या साकवाचे ठोके

बांबू आतून निकोप आहे की किडलेला, हे सांगायला तुम्ही कोणावर विश्वास ठेवाल? विकणाऱ्यावर? विकणारा मीच, म्हणून आधी विचारून घेतो.

तळवीच्या ओढ्यावरचा साकव, म्हणजे बांबूचा हा पायपूल, दरवर्षी नवा बांधतात. पण त्याआधी, तोडलेले बांबू तीन सकाळी या बांबूच्या बेटाला टेकून उभे ठेवतात. बेटातला तो वाळका बांबू मात्र कोणी तोडत नाही. तो चिमण्या सुतार पक्ष्याच्या घरट्याचा. अंगठ्याएवढा पक्षी, मोठ्या सुतारासारखा शेपटीचा टेकूही घेत नाही, उलटा लटकून टकटक करतो.

असे सांगतात, की एका श्रावणात साकव वाहून गेला. धाकू मेस्त्रीची लेक बाळंतपणाला माहेरी यायची होती. त्याने घाईघाईने आपल्याच बेटातला जाडजूड बांबू साकवासाठी काढला. त्यावर हा पक्षी सारखा येई. पाखरूच बांबू पोखरते आहे असे समजून धाकूने भोके मातीने लिंपली आणि त्याला हाकलले. त्याची बायको सुंदरा अंगणातून मोजत होती. त्या एका बांबूवर साठ ठोके, बाकीच्यांवर एकही नाही.

"तां पाखरू घर बांधणा नाय, जेवता," ती म्हणाली. "किडो नसतो तर कित्या इला असता?"

"पाखराचा आयकलंय तर उद्या कोंबडो मेस्त्री होतलो," म्हणत धाकूने साकव बांधला.

लेक पलीकडे येऊन उभी राहिली. सुंदराने तिला हाताने खूण करून तिथेच थांबवले आणि आधी स्वतः साकवावर चढली. मधोमध बांबू मोडला म्हणे. ओढ्याला पूर होता. ती सापडली नाही. धाकूने काठाला अडकलेला तुकडा फोडला, तर आत पिठासारखा भुगा आणि पांढऱ्या अळ्या. लिंपलेली माती भोकांत तशीच होती.

त्यानंतर त्याने साकवासाठी बांबू पारखला नाही. आजही ठोके मेस्त्री मोजत नाही, विकणाराही नाही. ज्याचा त्यात काही लागाबांधा नाही, असा पाहुणा मोजतो. यंदा तुम्ही आलात.

या दगडावर बसा, हलू नका. ठोका पडला की त्या बांबूच्या नावाने कोळशाची रेघ ओढा. सातांपैकी पाच बांबू माझे आहेत. सकाळी माझ्याकडे चहा घेतलात, म्हणून एकही रेघ कमी ओढू नका.