हळदीची रेघ

एकदा एका घरात चोर शिरला, आणि घरातली एकही वस्तू जागची हलली नाही. कडीकोयंडे शाबूत होते, कपाटे बंद होती, देवापुढची चांदीची समईसुद्धा होती तिथेच होती. तरीही त्या घरची गृहिणी इंदुमती हिची एक किल्ली चोरीस गेली होती. ती किल्ली लोखंडाची नव्हती, अक्षरांची होती. तिच्या ईमेलचा पासवर्ड कोणीतरी पळवला होता.

इंदुमती मोठी नेमाची बाई. चातुर्मास लागला की ती काही ना काही व्रत धरी. एखाद्या वर्षी जेवताना मौन, एखाद्या वर्षी मीठ वर्ज्य. गावातल्या मठात एक वृद्ध बुवा निरूपण करीत, ती त्यांची शिष्या. यंदा तिने आगळाच नेम धरला होता. बुवांचे निरूपण ऐकून यायचे आणि ते घरच्या संगणकावर उतरवून ठेवायचे. सून ऋजुता हिने तिला हौसेने सारे शिकवले. ईमेल उघडून दिले, पासवर्डही ठरवून दिला.

"आई, हा कुणाला सांगायचा नाही हं."

"अगं, गुरुमंत्र आहे का तो?"

"तसंच समजा," ऋजुता हसून म्हणाली होती.

आणि एके सकाळी तोच पासवर्ड चालेना. इंदुमतीने चष्मा पुसून पुन्हा लिहिला, देवाचे नाव घेऊन लिहिला, तरी दार उघडेना. तेवढ्यात मठातल्या मैत्रिणींचे फोन सुरू झाले. "इंदूताई, हे काय पाठवलंत हो आम्हाला? पुण्य लागेल म्हणून उघडलं, तर आमचा संगणक भूत लागल्यासारखा करायला लागला!" इंदुमतीने तर कोणालाच काही पाठवले नव्हते. तिच्या नावाने दुसरेच कोणी बोलत होते.

ती मनाशी हिशेब मांडत बसली. पासवर्ड ठाऊक दोघींनाच. एक मी. मग दुसरी कोण?

संशयाचे असे असते की त्याला एकदा पाट मांडून दिला, की तो पान वाढण्याची वाट पाहत नाही, आपल्या हाताने वाढून घेतो. ऋजुता फोनवर कोणाशी हसली, की इंदुमतीला वाटे, मलाच हसते आहे. गप्प बसली, की वाटे, काहीतरी लपवते आहे. एकादशीला खुशाल पोळी खाणारी मुलगी, तिला माझ्या नेमाची काय किंमत? आणि परवा मी संगणकावर स्तोत्रसंग्रह घेत होते, तेव्हा "हे कुठून आलं? घेऊ नका" म्हणून आडवी आली ती हीच ना? आता सगळे जुळत होते. संशयी मनाला सगळेच जुळते.

अखेर एक दिवस तोंडून शब्द गेला. "ऋजुता, उद्यापासून देवघराकडे फिरकू नकोस. चोरीचे हात देवाला लागायला नकोत."

ऋजुताच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. नवरा नोकरीसाठी परगावी, घरात या दोघीच. कप खाली ठेवून ती शांतपणे म्हणाली, "बरं. मी माहेरी जाते, परवा दुपारच्या एस.टी.नं. पण आई, मी गेल्यावरही चोरी थांबली नाही, तर मग कुणाचं नाव घ्याल?"

हा प्रश्न इंदुमतीला टोचला, म्हणून ती अधिकच रागावली. तशीच उठून मठात गेली.

"बुवा, मला मंतरलेल्या अक्षता द्या. चोराच्या जिभेवर ठेवल्या की तोंड कोरडं पडतं म्हणतात. मला तिला सिद्ध करायचंय."

बुवा तुळशीच्या मंजिऱ्या खुडत होते. ते म्हणाले, "अक्षता देईन. आधी सांग, चोरी कळण्यापूर्वी तुझ्या घरात नवं कोण आलं होतं?"

"कोण येणार? कुणीच नाही."

"संगणकात?"

"त्यात एक स्तोत्रसंग्रह आला तेवढा. पण तो देवीचा हो."

"कुणी दिला?"

"भाविकांनीच दिला असणार. उघडला की पहिल्यांदा देवीचं मुखदर्शन. विनामूल्य होता."

"काही मागितलं त्यानं?"

"छे! संगणकाचं रक्षण करणारं अँटिव्हायरस तेवढं बंद करा, मगच स्तोत्रं सुरू होतील, असं लिहिलं होतं. मी म्हटलं, देवी घरात येताना पहारेकरी कशाला हवा? केलं बंद."

बुवांचे हात थांबले. ते एवढेच म्हणाले, "आज घरी जा. अक्षतांचं उद्या पाहू."

इंदुमती थोडी हिरमुसली. इतका वेळ आपण चोराविषयी बोलतो आहोत आणि बुवा मात्र स्तोत्रांची चौकशी करतात, याचे तिला नवल वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक अनोळखी मनुष्य आला. खांद्यावर भगवे उपरणे, हातात लाकडी डबा, झाकणावर देवीचे तेजस्वी चित्र. "माउली, देवस्थानाचा प्रसाद. नैवेद्याशेजारी ठेवा, संध्याकाळपर्यंत झाकण उघडू नका. आणि देव्हाऱ्याभोवती हळदीची रेघ ओढलेली असेल, ती आधी पुसून टाका, नाहीतर फळ मिळत नाही."

इंदुमतीने डबा मस्तकी लावला. कोणते देवस्थान, कोणी पाठवला, हे विचारायचे तिला सुचलेही नाही. मुंग्या येऊ नयेत म्हणून ती रोज देव्हाऱ्याभोवती हळदीची रेघ ओढी. सासूने तिला तशी सवय लावली होती. ती रेघ तिने ओल्या फडक्याने स्वच्छ पुसली आणि नैवेद्याच्या वाटीशेजारी डबा ठेवला.

दुपारी देवघरात पाहते तर काय! नैवेद्याच्या शिऱ्यावर, फुलांवर, देवांच्या वस्त्रांवर, सगळीकडे लाल मुंग्या. इंदुमती ओरडली, "ऋजुता! नैवेद्य उघडा कोणी टाकला इथं?"

ऋजुता दारातूनच म्हणाली, "आई, मी आज या खोलीत पाऊलही ठेवलेलं नाही. तुम्हीच ना म्हणालात, फिरकू नकोस म्हणून?"

मुंग्यांची रांग कुठून येते म्हणून इंदुमतीने खाली वाकून पाहिले. रांग बाहेरून येत नव्हती. ती त्या डब्याच्या फटीतून निघत होती. झाकणावरच्या देवीच्या चरणांखालूनच.

तिसऱ्या दिवशी दुपारी ऋजुताची बॅग उंबऱ्याशी उभी होती, तेव्हा बुवा काठी टेकत अंगणात आले. इंदुमती धावत पुढे झाली. "बुवा, बघा ना, कोण कुठला भोंदू प्रसाद म्हणून मुंग्यांचा डबा देऊन गेला!"

"भोंदू मीच," बुवा म्हणाले. "माणूस मी पाठवलेला, डबा माझा, मुंग्या माझ्या अंगणातल्या, आणि झाकणावर चित्रही मीच चिकटवलं. त्याचं प्रायश्चित्त म्हणून कालपासून उपाशी आहे. आता तुमच्याकडे ताक मिळालं तर घेईन."

ऋजुताला हसू आवरेना. ताक आणायला तीच आत गेली.

ताकाचा पेला हाती घेऊन बुवा सांगू लागले. "इंदुमती, देवीचं चित्र कुणालाही छापता येतं. चोरालाही. साधूच्या वेषात येऊन भिक्षा मागणारा लबाड आपण पुराणात ऐकतो, हळहळतो, आणि घरी येऊन त्यालाच पाट देतो. तो डबा तू विचारपूस न करता घेतलास, हे एक. पण तुला सावध व्हायला हवं होतं ते दुसऱ्याच गोष्टीनं. खरा पाहुणा कधी म्हणेल का, की आधी तुमची राखण काढा, मग मी आत येतो? जो हळदीची रेघ पुसायला सांगतो, त्याच्याजवळ मुंग्या असतात. तुझ्या त्या स्तोत्रसंग्रहानं तेच केलं. पहारा तुझ्याच हातून उठवला, आत बसला, आणि तू जे जे अक्षर दाबलंस ते ते पाहत राहिला. पासवर्ड दोघींनाच ठाऊक होता असं तू धरून चाललीस. तिसरा तुझ्या बोटांशी बसला होता."

इंदुमतीने मान खाली घातली.

"संशय वाईट नाही," बुवा म्हणाले. "संशय हा राखणदार आहे. त्याची जागा दारात. येणाऱ्या प्रत्येकाला त्यानं विचारावं, कोण, कुठून, कशासाठी? तू त्याला दारातून उठवलंस आणि घरात आणून सुनेच्या पानासमोर बसवलंस. दार मोकळं राहिलं, आणि घर मोडायची वेळ आली."

मग इंदुमती ऋजुताकडे वळली. "तू मला सांगितलं होतंस, घेऊ नका म्हणून. मी तुझा पोशाख पाहिला, तुझी एकादशी पाहिली. तुझं बोलणं ऐकलं नाही. चुकले मी."

"राहू द्या आई," ऋजुता म्हणाली. तिने पदराऐवजी ओढणीने डोळे टिपले. "आधी तुमच्या मैत्रिणींना फोन करा. तुमच्या नावानं आलेलं काही उघडू नका, उघडलं असेल तर संगणक लगेच इंटरनेटपासून तोडा, असं सांगा."

फोन झाले. मग दोघी संगणकापुढे बसल्या. पडद्यावर स्तोत्रसंग्रहातले देवीचे चित्र होते. इंदुमतीचा हात अडखळला. "अगं, देवीला पुसून कसं टाकायचं?"

बुवा ओसरीवरूनच म्हणाले, "कालची फुलं तू रोज देवावरून उतरवतेस ना? तेव्हा देवाला टाकतेस का? हे त्याहून हलकं. यात देवी कधी आलीच नव्हती."

"नुसतं चित्र पुसूनही भागायचं नाही," ऋजुता म्हणाली. "मुळापासून धुवायला हवा. सगळा संगणक पुसून, सारं नव्यानं बसवावं लागेल. त्यात तुमची लिहिलेली निरूपणं जातील, आई. त्यांची दुसरी प्रत आपण कुठं ठेवलेलीच नाही, आणि आता काढावी तर तिच्यातूनही तोच परत यायचा."

इंदुमतीने व्याकुळ होऊन ओसरीकडे पाहिले. चातुर्मासाचा सगळा नेम त्यात होता.

"जाऊ देत," बुवा म्हणाले. "शब्द गेले तर मी पुन्हा सांगेन. सून गेली असती तर ती कुठून आणली असतीस? या वेळी मात्र एक प्रत निराळी ठेव."

नवा पासवर्ड ऋजुताने त्या संगणकावर घालू दिला नाही. "इथं लिहिलात तर तोही त्याच्याच हाती जाईल." इंदुमतीच्याच मोबाईलवरून, तिच्या नंबरावर आलेला संकेतांक घालून, दोघींनी ते ईमेल परत मिळवले. यापुढे कोणीही शिरू लागला की मोबाईलवर आधी विचारणा येईल, अशी दुहेरी कडीही घातली. मग ऋजुता म्हणाली, "आता पासवर्ड तुम्ही ठरवा. लांबलचक असू दे. कुलदेवीचं नाव नको, ते साऱ्या गावाला ठाऊक आहे." एवढे बोलून ती उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"अगं, अशी काय उभी राहतेस? बघ ना. तुझ्यापासून काय लपवायचं?"

"नको, आई. मी बघणार नाही."

"माझ्यावर राग आहे अजून?"

"राग नाही हो. मला तो ठाऊकच नसला, की उद्या काही झालं तर तुमच्या मनात माझं नाव यायलाही नको. तुम्हालाही त्रास नाही, मलाही नाही."

इंदुमतीची बोटे थबकली. आजवर तिला वाटत होते की गुपित राखायचे ते चोरासाठी. ते आपल्या माणसासाठीही राखायचे असते, हे तिला आत्ता उमगले. ती एकेक अक्षर शोधून हळूहळू लिहू लागली.

"झालं का हो आई? पाय दुखायला लागले माझे."

"थांब गं. लांबलचक म्हणालीस ना तूच?"

ओसरीवर बुवा हसले. कोपऱ्यावरून दुपारची एस.टी. हॉर्न वाजवीत निघून गेली. आतल्या दोघींनी तिच्याकडे लक्षही दिले नाही.

दाराने प्रश्न विचारावेत, म्हणजे ते घरातल्या माणसांना विचारायची वेळ येत नाही.