बांधाखालची देवळं

त्या मुलखात समुद्र वर होता आणि वस्ती खाली. मधे मातीचा एक बांध होता आणि तो रोज थोडा झिजत असे. म्हणून दर उधाणाआधी प्रत्येक बिळाने आपल्या उंबऱ्याची गोळाभर माती बांधावर चढवायची, असा दंडक होता. सूट होती ती एकट्या कासवाच्या देवळाला. देवाचा उंबरा उकरू नये, असं सगळेच मानत. शिवाय दुष्काळात त्याच देवळाने भुकेल्यांना दाणा घातला होता, त्यामुळे कुणाच्या मनात किंतु नव्हता.

मग एके दिवशी कोल्ह्याच्या दारात शेंदूर फासलेला दगड दिसला. देवाने स्वप्नात दृष्टान्त दिला, असं कोल्ह्याने सांगितलं आणि त्याची माती माफ झाली. पुढच्या उधाणापर्यंत सशाला, मुंगसाला, उंदरांच्या अख्ख्या आळीला तोच दृष्टान्त झाला. देवाला एवढी सवड असते, हे आधी कुणाला ठाऊकच नव्हतं.

कोंडाई घूस बांधाच्या अगदी पायथ्याशी राहायची. आता साऱ्या वस्तीची माती तिच्या एकटीच्या पाठीवर आली. पंजे सोलवटले, ओझ्याने दूध आटलं. तरी बांध राखणारी टिटवी वरून ओरडतच होती, "अजून आण, अजून आण!"

"तू वेडी का खुळी गं?" शेजारीण मुंगूस म्हणाली. "एक दगड रंगव आणि मोकळी हो की!"

"अगं, पण सगळ्यांनीच रंगवले तर बांधाचं काय?"

"सगळ्यांचं सगळे बघतील. तू तुझ्या लेकरांचं बघ."

कोंडाईने खाली पाहिलं. पिलं कोरड्या आचळांना लुचत होती. तिला रडूच फुटलं. उधाणाच्या आदल्या सांजेला तिनेही दगड रंगवला. लाज वाटली, पण कितीतरी दिवसांनी पाठ टेकली, खोटं कशाला सांगा.

उधाण भर दुपारी आलं. वाऱ्याचा मागमूस नव्हता. टिटवी एकदाच ओरडली आणि उडून गेली. बांधाच्या पायथ्यातून बारीकशी धार आवाज न करता आत आली. कोंडाई माती काढायला उंबऱ्याशी धावली, पण पंजे तिथेच थबकले. देवाचा उंबरा उकरायचा कसा? ती विचारात पडली तेवढ्यात धारेचा लोंढा झाला.

तिने पिलं उचलून दगडावर ठेवली, कारण तेवढीच जागा उंच होती. "माती आणा! अरे, कुणीतरी माती आणा!" ती जिवाच्या आकांताने ओरडू लागली.

पाणी तुडवत सारी वस्ती आली. ओला शेंदूर पिलांच्या अंगाला लागला होता. त्या लालभडक इवल्या जिवांकडे सगळे बघत राहिले.

"प्रकटले गं बाई, खरेच देव प्रकटले!" मुंगूस पुटपुटली.

आणि गळ्याएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या त्या साऱ्यांनी डोळे मिटून हात जोडले.