योएलची मूठ

"हे पीठ टाकून द्यायचं की कसं, तेवढं सांगा, बाबा."

अनुग्रह शिरसाट दारात उभा होता. हातात स्टीलचा डबा, कपाळावर दुपारचा घाम.

पाळकबाबा ओट्यावर बसले होते. सुजलेले पाय घमेल्यात, मिठाच्या कोमट पाण्यात. वय एक्क्याऐंशी. चाळीस वर्षं ते सोनवडीच्या मंडळीचे पाळक होते, आता नुसते म्हातारे होते. शमुवेल उजागरे हे नाव रेशनकार्डावर तेवढं उरलं होतं.

"बस."

"बसायला वेळ नाही, बाबा. उद्या प्रभुभोजन आहे."

"मग उभा राहा."

अनुग्रह नवा पाळक. पाळकांच्या सेमिनरीतून पहिला वर्ग घेऊन आला होता आणि तो वर्ग अजून त्याच्या चालण्यातून गेला नव्हता. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला सगळं येत होतं.

सोनवडीची एक रीत आहे. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी घराघरातून मूठभर गव्हाचं पीठ पाळकाच्या घरी येतं. सगळ्या मुठी एका डब्यात पडतात. पाळकबाई त्याचीच भाकर करते आणि रविवारी देवळात प्रभूच्या आठवणीत तीच मोडून सगळ्यांना दिली जाते. ज्याला मंडळीनं प्रभुभोजनापासून दूर ठेवलं आहे, त्याची मूठ मात्र घ्यायची नाही. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"योएल रणभिसे मूठ टाकून गेला," अनुग्रह म्हणाला. "मी घरी नव्हतो. सुवार्तानं घेतली."

"का घेतली?"

"म्हणते, माणूस मूठ धरून दारात उभा होता, नको म्हणायला तोंडच उघडेना."

"बरी बायको मिळाली तुला."

अनुग्रहला ते आवडलं नाही.

योएलची गोष्ट सगळ्या गावाला पाठ होती. चौदा वर्षांपूर्वी तो बायकोला, सगुणाला, आणि दोन मुलींना टाकून गेला. साखर कारखान्याकडे दुसरं घर मांडलं. मंडळीनं तेव्हाच त्याला दूर ठेवलं. सगुणा वाट बघून बघून मेली. त्यानंतर तीन वर्षांनी हा परत आला, तोही पोटात पाणी झाल्यावर. डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतची आशा धरू नका म्हणून सांगितलं होतं. सहा महिने तो देवळात शेवटच्या बाकावर बसत होता आणि एकच मागत होता. मरायच्या आधी एकदा प्रभुभोजनाची भाकर मिळावी.

"मी काही दगड नाही, बाबा," अनुग्रह म्हणाला. "सहा शनिवार त्याला घरी बोलावलं. समोर बसवलं. दर वेळी विचारलं, पश्चात्ताप झालाय का?"

"काय म्हणतो?"

"म्हणतो, नाही."

पाळकबाबांनी पहिल्यांदा मान वर केली.

"तसंच म्हणतो?"

"तसंच. म्हणतो, 'व्हाया पायजे, साहेब, पण व्हत न्हाई. सगुणाचं नाव घेतो, आत काई हालतच न्हाई. समदं वाळून गेलंय.' मी म्हटलं, मग भाकर कशाला मागतोस? तर म्हणतो, 'त्यो वरचा मला घेईल. तेवढं ठावं हाय.'"

पाळकबाबांनी पाय पाण्यात आणखी खोल सारले.

"आता सांगा! पश्चात्ताप नाही आणि म्हणे विश्वास आहे. असा विश्वास काय कामाचा? आधी पश्चात्ताप, मग विश्वास, मग तारण. याला काही क्रम आहे."

"आहे ना," पाळकबाबा म्हणाले. "मीही तोच शिकवला. चाळीस वर्षं."

त्यांचा आवाज इतका थकलेला होता की अनुग्रह अखेर ओट्याच्या कडेला टेकला.

"आण तो डबा."

अनुग्रहनं डबा पुढे केला. म्हाताऱ्यानं झाकण काढलं, आत हात घातला आणि ओंजळभर पीठ वर काढलं. बोटांतून थोडं खाली सांडलं.

"यातलं योएलचं कोणतं?"

"तेच तर. मिसळलंय सगळं."

"काढ वेगळं."

"कसं काढणार, बाबा?"

"मग सगळंच टाक."

"टाकतो. पुन्हा घरोघर जातो, नवं पीठ आणतो."

"जा. पण या खेपेला दर दारात विचार, पश्चात्ताप पुरता झालाय का? ज्यांचा झालाय त्यांचंच घे."

"सगळे हो म्हणतील."

"हं. मलाही चाळीस वर्षं सगळे होच म्हणाले."

समोरच्या कडुनिंबाखाली एक कोंबडी माती उकरत होती. म्हाताऱ्यानं ओंजळीतलं पीठ परत डब्यात सोडलं.

"यात माझीही मूठ आहे," ते म्हणाले. "सकाळीच पाठवली."

"तुमची काय गोष्ट, बाबा!"

"मला विचारलंस?"

"तुम्हाला काय विचारायचं?"

"विचार."

"बाबा..."

"विचार म्हणतो ना."

ज्या माणसानं अनुग्रहच्या आईबापाला बाप्तिस्मा दिला, त्याला तो कधी असं काही विचारेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"झालाय का... पश्चात्ताप?"

पाळकबाबांनी पाण्यातल्या पायांकडे बघितलं.

"गॅब्रिएल मास्तर म्हणून होते इथं," ते म्हणाले. "मिशनच्या शाळेत. तू जन्मला नव्हतास. पोरांच्या जेवणाचं धान्य त्यांनी दोन वर्षं बाहेर विकलं. एके दिवशी आपण होऊन माझ्याकडे आले. रडले. मी म्हटलं, असं वरवरचं नको. शनिवारी या."

अनुग्रह त्यांच्याकडे वळून बसला.

"दर शनिवारी यायचे. मी खोदायचो. अजून आत बघा, मास्तर. अजून काहीतरी दडलंय. आणि ते बघायचे. माझ्यासारखा खोदणारा आणि त्यांच्यासारखा बघणारा... काही उरलं नाही. असा पश्चात्ताप मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही. पुरता झाला."

"मग?"

"सातव्या शनिवारी ते आले नाहीत. मळ्यातल्या विहिरीच्या काठावर त्यांच्या चपला सापडल्या. जोडीनं, नीट लावून ठेवलेल्या."

अनुग्रहनं डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"सहा शनिवारांत मी त्यांना एकदाही म्हटलं नाही, की मास्तर, तो तुम्हाला घेईल. म्हटलं, क्रमानं जाऊ. आधी हे पुरं होऊ दे."

अनुग्रहनं डोळे मिटले. सहा शनिवार त्यानंही मोजले असावेत.

"त्यांना देवळाच्या आवारात पुरलं नाही," म्हातारा म्हणाला. "तेही मीच ठरवलं. त्यांची बायको माझ्या पाया पडली होती."

"बाबा, पुरे."

"तू विचारलंस म्हणून सांगतो. त्याचा पश्चात्ताप मला झाला. रोज होतो. पण पुरता होत नाही. सकाळी वाटतं झाला, संध्याकाळी बघतो तर मी स्वतःची बाजू मांडत बसलेलो असतो. म्हणतो, मी तरी काय करणार, मला तसंच शिकवलं होतं... सत्तेचाळीस वर्षं झाली. आता कंटाळा आला रे, माझाच मला."

कडुनिंबाखालची कोंबडी कधीच निघून गेली होती. सेमिनरीत याचा पेपर नव्हता.

"मीही त्या विहिरीवर जाऊन आलोय," पाळकबाबा म्हणाले. "तीनदा."

"परत कसे आलात?"

"पश्चात्तापानं नाही आलो. त्यानं तर तिथवर नेलं होतं."

"मग?"

"वाटलं, तो मला घेईल."

घमेल्यातलं पाणी थंड झालं होतं. म्हाताऱ्यानं एक पाय बाहेर काढला, मग दुसरा. अनुग्रहनं दोरीवरचा पंचा काढून दिला.

"म्हणजे पश्चात्ताप नकोच का, बाबा?" त्यानं हळूच विचारलं. आता त्याच्या आवाजात पहिला वर्ग नव्हता. "लोक काय म्हणतील? सगुणाच्या मुली पुढच्याच बाकावर बसतात. त्यांना मी काय सांगू?"

"नको कसा? हवाच."

"मग योएलला तो कधी होणार?"

"मला काय ठाऊक? माझाच व्हायचाय अजून."

"दिवाळीपर्यंतही तो राहायचा नाही, बाबा. वेळ कुठे आहे?"

"म्हणून तर म्हणतो, उद्या त्याला भाकर दे."

अनुग्रहनं मान हलवली. कबूल केल्यासारखी, पण पुरती नाही. डबा उचलला आणि उठला.

"बरं. देतो."

"थांब. उद्या तुला भाकर कोण देणार?"

"मंडळीच्या वडीलजनांपैकी कुणीतरी. सगळ्यांचं झाल्यावर, शेवटी. पाळक स्वतःच्या हातानं घेत नाही, तुम्हीच घालून दिलीय ना ही पद्धत."

"उद्या योएलच्या हातून घे."

अनुग्रहचा चेहरा लाल झाला. रागानं की लाजेनं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"बाबा, त्याला दिली ती गोष्ट वेगळी. मी पाळक आहे. बायकापोरांना टाकून गेलेल्या माणसाच्या हातून, ज्याला पश्चात्तापसुद्धा झालेला नाही... साऱ्या मंडळीसमोर मी हात पसरू?"

पाळकबाबा भिंतीला धरून उठले. गुडघे कुरकुरले. आत जाता जाता उंबऱ्यावर थांबले, पण वळले नाहीत.

"भूक असली तर पसरशील."