शेजारी

"रिकामी जागा पुसायला एवढा विचार कशाला, भन्ते?"

प्रज्ञा ढाबर्डे पुण्याहून आली होती. तिथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ती अकरा वर्षं होती. वडिलांचा जुना कॉम्प्युटर तिने पवनीजवळच्या विहाराला दान द्यायला आणला होता; देण्याआधी डिस्क पुसायची होती. वडील गुणवंतराव पोस्टमन होते. स्वतः गाणी रचायचे, पेटीवर गायचे. दिवाळीनंतर गेले.

भन्ते सुमेध यांनी चीवर सावरलं. विहारात येण्याआधी वीस वर्षं त्यांनी आयटीआयमध्ये शिकवलं होतं.

"आत काय आहे?"

"माझं कॉलेजचं सामान, तेव्हा हा मीच वापरायचे. बाकी अर्धी डिस्क रिकामी. बाबांची गाणी असतील म्हणून चार दिवस शोधलं. सगळं चाळलं... एकही नाही."

"सगळं?"

"माझं कामच ते आहे, भन्ते."

 भन्तेंनी टेबलावरच्या डबीतला पेनड्राइव्ह लावला आणि मशीन त्यावरून सुरू केली. पडद्यावर काळी चौकट उघडली. मग ते खुर्चीवरून उठले.

"बस. डिस्कचे भाग किती, ते विचार."

"पुसायचं ना?"

"आधी विचार."

ही आज्ञा ती ऑफिसात रोज देत असे. तिने न बघताच टाइप केलं.

lsblk -f

ओळी उमटल्या. पहिला मोठा भाग विंडोजचा, तिचा. त्याच्याखाली दुसरा, जवळजवळ तेवढाच. ext4. आणि पुढे त्या भागाला दिलेलं नाव...

shejari

प्रज्ञा पडद्याजवळ सरकली.

"हे तर लिनक्स आहे."

"हो. तुझ्या विंडोजला ते वाचता येत नाही."

"पण बाबांच्या मशीनवर? बाबांना फोनवरून फोटो पाठवायला मी शिकवलं, भन्ते!"

"तेवढं तू शिकवलंस. बाकीचं ते इथे शिकले. दर रविवारी सायकलने यायचे. दोन वर्षं."

"मशीन सुरू केली की थेट माझंच यायचं..."

"तसंच करून घेतलं त्यांनी. लेक घरी आली तर तिला तिचं सापडावं, म्हणाले. स्वतःचा भाग ते सुरुवातीला एक कळ दाबून उघडायचे."

प्रज्ञाला एक फोन आठवला. मीटिंग सुरू व्हायची होती. बाबा म्हणाले होते, 'मिनू, तुझी जागा मोडली नाही बरं. मी शेजारी राहतो.' म्हातारपणी माणूस असंच काहीतरी बोलतो, असं वाटून तिने फोन ठेवला होता.

त्यानंतर ती दोन वर्षं घरी गेली नव्हती.

"तुम्हाला सगळं माहीत होतं, भन्ते. मग सांगितलं का नाही?"

"तू पुसायला आली होतीस. विचारायला नाही."

 बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं.

"उघडू?"

भन्तेंनी मान हलवली.

आत एकच फोल्डर होता. त्यात एकेचाळीस गाणी. सगळ्यांत जुनं तिने लावलं.

आधी पेटीचा भाता ऐकू आला. मग खोकला. मग तो आवाज...

"वैनगंगे, तुझ्या काठी
माझी लेक पाणी भरे..."

दुसऱ्या ओळीवर ताल सुटला. पेटी थांबली. 'परत घेतो,' बाबा स्वतःशीच म्हणाले. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच सुटला. 'हात्तिच्या!' ते हसले. पुन्हा पेटी उघडली.

प्रज्ञाचे डोळे भरून वाहत होते. हात मात्र सवयीने माउसकडे गेला.

"नीट गायलेलं पुढे असेल," ती म्हणाली. "तिथून लावते."

भन्तेंनी माउसची वायर ओढून तो आपल्याकडे घेतला.

"चुकू दे त्यांना."