सावरखिंडीतलं आदर्श सज्ज घर

सह्याद्रीच्या एका वळणावर, जिथे डांबरी रस्ता कंटाळून परत फिरतो, त्याच्याही पलीकडे सावरखिंड नावाचं जंगल होतं. जंगलात राज्य होतं, राज्यात राजा होता, आणि राजा रीतसर निवडून आलेला होता. तो अस्वल होता. निवडणुकीत त्याच्याविरुद्ध तिघे उभे होते. मतदानाच्या आदल्या दिवशी महाराजांनी तिघांनाही एकेक करून गुहेत चर्चेला बोलावलं. चर्चा यशस्वी झाली. नंतर तिघांच्याही घरी महाराज स्वतः सांत्वनाला जाऊन आले.

या जंगलात गिरजाक्का नावाची एक शेकरू राहायची. रंगाने तांबूस, शेपूट झुबकेदार, हाताला सतत काम आणि तोंडाने सडेतोड. तिला दोन पिल्लं होती, थोरला म्हादू आणि धाकटी ठकी. नवऱ्याला मागच्या उन्हाळ्यात गरुडाने उचलून नेलं होतं. गरुड हा राज्याचा संरक्षणप्रमुख असल्यामुळे ही घटना संरक्षणात मोडली, आणि तक्रार कुठे करायची हे गिरजाक्काला कुणीच सांगू शकलं नाही.

सावरखिंडीला खरी भीती एकच होती, तिरकी नदीची. श्रावणाच्या आसपास ती फुगायची आणि महिना-दीड महिना जंगल चारी बाजूंनी तुटायचं. झाडावर फळ नसायचं, जमिनीवर बी राहायचं नाही. म्हणून जुन्या जाणत्यांनी एक रीत घालून दिली होती. वैशाखात प्रत्येक घराने आपल्या साठ्यातली एक मूठ राजढोलीत टाकायची. राजढोली म्हणजे एका वठलेल्या बेहड्याचं भलंमोठं पोकळ खोड. पूर आला की ती उघडायची आणि ज्याचं घर रिकामं, त्याला आधी द्यायचं. रीत इतकी साधी होती की ती कुठे लिहून ठेवायची गरज कुणाला वाटली नव्हती.

त्या वर्षी वैशाखात लोक मुठी घेऊन आले आणि कुणीतरी सहज ढोलीत डोकावलं. ढोली रिकामी होती. मागच्या चार वर्षांत पूर बेताचा आला होता, म्हणजे आत चार वर्षांचा माल हवा होता. तळाशी फक्त काही लांब काळे केस पडले होते. जंगलात कुजबुज सुरू झाली, तेव्हा महाराजांनी तातडीने चौकशी समिती नेमली आणि इतर सगळे कामात असल्यामुळे अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. समितीने दुपारपर्यंत निष्कर्ष काढला. ढोली रिकामी होण्याचं मूळ कारण म्हणजे प्रजेची परावलंबी वृत्ती. केसांबद्दल समितीने मत दिलं नाही, कारण केस हा तिचा विषय नव्हता.

संध्याकाळी सभा झाली. महाराज वारुळावर उभे राहिले.

"बंधू आणि भगिनींनो," ते म्हणाले, "किती दिवस दुसऱ्याच्या ढोलीकडे डोळे लावून जगणार? ज्या राज्यात प्रत्येक घर सज्ज, त्या राज्याला ढोली लागतेच कशाला? आजपासून आपली आपत्ती, आपली जबाबदारी. संकट तुमचं, संकल्प माझा."

लोकांना संकल्प फार आवडला. आणलेल्या मुठी घरी परत न्याव्यात का, असं एका सशाने विचारलं. परत नेल्याने बाहेर चुकीचा संदेश जाईल, असं त्याला समजावण्यात आलं. मुठी तिथेच राहिल्या.

मग 'सज्ज घर' मोहीम निघाली. प्रत्येक घरात काय असलंच पाहिजे याची यादी आली. तीस दिवसांचं खाणं, पाण्यासाठी करवंटी, बांधाबांधीला वेलीची दोरी, जखमेवर लावायला हळदीचा कंद, आणि या सगळ्याच्या वर महाराजांचं चित्र, म्हणजे संकटात पेटारा उघडताच पहिला आधार मिळेल. यातलं चित्र तेवढं सरकारकडून मोफत होतं. बाकीचं ज्याचं त्याने बघायचं होतं. घरोघरी तपासणीला वानरांचं पथक येणार होतं आणि पथकाचे प्रमुख होते हुप्पेसाहेब, ज्यांना झाडावर चढता येत असल्यामुळे वरपर्यंत पोचलेले समजत.

गिरजाक्काला यादी वाचून हसूच आलं. शेकरूंच्या घरात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. शेकरू एक घरटं बांधून थांबत नाही. गिरजाक्काची सात झाडांवर सात घरटी होती, तीही अशा बारीक फांद्यांच्या टोकाला, जिथे जरा जड जनावर आलं की फांदी लवलीच. एकात राहायचं, बाकीची अडीअडचणीसाठी. एकात फणसाच्या आठळ्या, दुसऱ्यात चारोळ्या, तिसऱ्यात आंब्याच्या कोयी, असा एकूण दीड महिन्याचा बेत. प्रत्येक आठळीचं टोक ती कुरतडून ठेवायची, म्हणजे दमट हवेत कोंब फुटत नाही. आईने हे तिला लहानपणी हातावर चापट मारून शिकवलं होतं. पिल्लं आत्ताच दुधावरून सुटली होती. हा पाऊस त्यांना याच साठ्यावर काढायचा होता, आणि तो निघेल याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

तपासणीच्या आदल्या दिवशी खालच्या बिळातला केरबा साळिंदर मुद्दाम तिच्या झाडाखाली आला. म्हातारा होता, माणूसघाणा होता, आणि त्याने आजवर पाच राजे पाहिले होते.

"गिरजे, उद्या त्यास्नी एकच घरटं दाखव. रिकामं," तो म्हणाला.

"का म्हणून? मी काय चोरी केलीय का?"

"चोरी केली असतीस तर मी सांगाया आलो नसतो. चोराला कळतंय कुठं काय ठेवायचं ते."

गिरजाक्काने शेपटी झटकली. दादा, तुमचं बीळ अस्ताव्यस्त म्हणून तुम्हाला भीती, असं ती वरून म्हणाली. केरबा कुरकुरत निघून गेला. दुसऱ्या दिवशी पथकाला त्याच्या बिळात एक फुटकी करवंटी आणि चार गळालेले काटे सापडले. तो नापास झाला, आणि भर सभेत त्याचं नाव वाचून दाखवण्यात आलं.

गिरजाक्काकडे मात्र हुप्पेसाहेब पहिल्या घरट्यापाशीच थबकले. आजवर त्यांनी चाळीस घरं पाहिली होती आणि चाळीस घरांत फक्त चित्र होतं. तिने काढून दिलेल्या आठळ्या त्यांनी हातात घेतल्या, टोकं का कुरतडली म्हणून विचारलं. नवरा गेल्यापासून तिच्या कामाची अशी आपुलकीने चौकशी कुणी केली नव्हती. ती खुलली. तिने दुसरं घरटं दाखवलं, तिसरं दाखवलं. सातव्यापाशी साहेब खालच्या जाड फांदीवरच थांबले आणि म्हणाले, इतक्या बारीक फांदीवर आमच्यासारख्याने यायचं तरी कसं? तेव्हा गिरजाक्काने तेही सांगितलं. शेजारच्या झाडावरून वेल टाकायची, फांदी अलगद ओढून घ्यायची, म्हणजे ती मोडत नाही आणि घरटं आपसूक हाताशी येतं. तिने वेल टाकून करूनही दाखवलं. साहेबांनी सोबतच्या वानरांना ते दोनदा करायला लावलं.

"वा, गिरजाबाई," ते म्हणाले. "राज्याला तुमच्यासारख्यांची गरज आहे."

ते अगदी खरं बोलले.

ज्येष्ठात गिरजाक्काचा सत्कार झाला. 'आदर्श सज्ज माता' म्हणून महाराजांनी तिच्या गळ्यात रानजाईची माळ घातली. इतरांना प्रेरणा मिळावी म्हणून तिच्या सातही घरट्यांचा नकाशा पाणवठ्यावरच्या खडकावर गेरूने रंगवण्यात आला, कुठल्या घरट्यात काय आहे त्यासकट. ठकी ते चित्र बघून टाळ्या पिटत होती. गिरजाक्का घरी आली ती हवेतच, आणि माळ सुकली तरी तिने चार दिवस ती काढली नाही.

श्रावणात तिरकी आली. आजवर आली नव्हती अशी आली. पाणवठा गेला, बिळं बुडाली, महाराजांच्या गुहेच्या पहिल्या पायरीला पाणी लागलं. पहिल्या पायरीला पाणी लागताच राज्यात आणीबाणी जाहीर झाली, आणि वटहुकूम निघाला की आपत्तीच्या काळात सर्व घरांतले साठे हे राज्याचे साठे समजावेत. घर सज्ज ठेवायचं ते राज्यासाठीच, एवढी साधी गोष्ट प्रजेला आधी सांगायची राहून गेली होती.

हुप्पेसाहेब भर पावसात आले. त्यांना नकाशा पाहावा लागला नाही. वानरांनी वेली टाकल्या, फांद्या अलगद ओढल्या, एकही फांदी मोडली नाही. आठळ्या, चारोळ्या, कोयी, सगळं झोळ्यांत गेलं. गिरजाक्का एका घरट्यावरून दुसऱ्यावर नुसती पळत होती.

"साहेब, एक तरी घरटं ठेवा. पोरांनी काय खायचं?"

"मदत येईल ना, बाई," साहेब समजुतीने म्हणाले. "सरकार आहे."

चौथ्या दिवशी मदत आली. उंचवट्यावर मांडव घातला होता. सकाळपासून लोक भिजत उभे होते आणि महाराज संकटाच्या वेळी राजा कसा पाठीशी उभा राहतो यावर बोलत होते. दुपारनंतर प्रत्येक घराला पळसाच्या पानाची एक पुडी मिळाली. पुडीवर महाराजांचं चित्र होतं. गिरजाक्काने ती तिथेच उघडली. आत तीन आठळ्या होत्या आणि तिन्हींची टोकं कुरतडलेली होती.

ती काही बोलणार इतक्यात राज्याच्या बातम्या सांगणारी साळुंकी समोर येऊन बसली आणि मदत मिळाल्यावर कसं वाटतंय असं विचारू लागली. मागे वानर उभे होते. पोरं भुकेली होती आणि पुढची पुडी आठ दिवसांनी मिळणार होती. गिरजाक्काने आभार मानले. साळुंकीने ते संध्याकाळपर्यंत जंगलभर ऐकवले.

तीन आठळ्यांत दोन पिल्लांचे आठ दिवस निघत नाहीत. गिरजाक्काने झाडाची साल सोलून चावली, पिल्लांना चावून भरवली. केरबा कुठूनसे कंद आणून झाडाच्या बुंध्याशी ठेवून जायचा. त्याचं बीळ बुडलं होतं, पण त्याने कंद कुठे पुरलेत हे त्याच्या बायकोलासुद्धा माहीत नसायचं. म्हादूने कंद खाल्ले. ठकीच्या पोटात ते ठरेनात. सहाव्या दिवशी सकाळी ती आईच्या शेपटीत गुंडाळलेली होती ती तशीच राहिली. गिरजाक्काने तिला दुपारपर्यंत हलवून पाहिलं. मग केरबाने गिरजाक्काला खाली यायला सांगितलं आणि आपल्या नख्यांनी करंजाखाली खड्डा खणला.

दोन दिवसांनी हुप्पेसाहेब नोंद करायला आले. गिरजाक्का म्हणाली, उपासाने गेली. साहेबांनी खेदाने मान हलवली. स्वयंपूर्ण घरात उपासमार होत नाही, असं ते म्हणाले, आणि तुमचं तर आदर्श घर. उपासमार लिहिली तर सत्कार खोटा ठरेल, आणि सत्कार महाराजांच्या हस्ते झालेला. बराच विचार करून त्यांनी 'वारा लागून' असं लिहिलं. गिरजाक्काला त्या क्षणी त्यांचं तोंड ओरबाडून काढावंसं वाटलं. तिने तसं केलं नाही, आणि आपण ते केलं नाही याची आग तिला पुढे कितीतरी दिवस आतून जाळत राहिली.

भाद्रपद संपता संपता पाणी उतरलं. त्या पुरात राज्यात उपासमारीने एकही मृत्यू झाला नाही, असं जाहीर झालं. वाऱ्याने मात्र दोनशे अकरा जण गेले होते, म्हणून वाऱ्याविरुद्ध एक मोहीम काढायचं ठरलं. राजढोली आता निरुपयोगी म्हणून तोडण्यात आली आणि तिच्या लाकडाने महाराजांसाठी नवी, उंचावरची गुहा सजवण्यात आली.

मग निवडणूक आली. यंदा महाराजांविरुद्ध एक हरिणी उभी होती. ती अजून चर्चेला गेली नव्हती, कारण ती एकटी कधीच सापडायची नाही, रात्रीही कळपातच झोपायची. ती घरोघर फिरून सांगत होती की ढोली पुन्हा उभी करू, मुठीची रीत पुन्हा सुरू करू. बोलायची खरं, आणि ऐकणाऱ्यांना ते खरं वाटायचंही.

मतदानाच्या सकाळी गिरजाक्का म्हादूला पाठीशी घेऊन निघाली. वाटेत केरबा भेटला. मत कुणाला, असं त्याने विचारलं. तिने महाराजांचं नाव सांगितलं. केरबाचे काटे ताठ झाले.

"गिरजे, तुझी पोरगी खाल्ली त्यानं."

"माहीत आहे, दादा," गिरजाक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "हरणी चांगली आहे. पण तिच्याकडं काय आहे? माझी सातही घरटी रिकामी. सगळ्या जंगलाचा दाणा त्याच्या गुहेत. पुढच्या पावसात या पोराला तीन आठळ्या देऊ शकेल असा एकच जण उरलाय. मग मत दुसऱ्या कुणाला देऊ?"

केरबाचे काटे हळूहळू खाली बसले. तो तिच्याबरोबर थोडं चालला आणि मग बिळाकडे वळला. त्याने आयुष्यात कधी मत दिलं नव्हतं आणि याची त्याला कधी नव्हे ती लाज वाटली.

महाराज प्रचंड फरकाने निवडून आले. विजयसभेत ते गहिवरून म्हणाले की आज सावरखिंडीतलं एकही घर कुणावर अवलंबून राहिलेलं नाही. जनतेने उभं राहून टाळ्या वाजवल्या. पुड्या टाळ्या संपल्यावर वाटायच्या होत्या.