निर्जन बेटाचा प्रश्न

डॉ. केळुसकर मोठे सर्जन, आणि रुबाबही तेवढाच. पोटाची सैल कातडी काढून घ्यायला आलेल्या बाईला ते एकाच प्रश्नात घरी पाठवत.

आज जुळ्यांची आई शालन समोर बसली होती. लहानपणी विहिरीत सूर मारणारी ही बाई आता पाण्यात उतरली, की पोटाची ओघळलेली घडी घासून सोलपटून निघे.

डॉक्टरांनी विचारलं, “समजा, निर्जन बेटावर एकट्याच आहात. बघायला कुणी नाही. तरी कराल ऑपरेशन?”

“बेटाभोवती पाणी असेल ना?”

“असणारच.”

“मग तर आधी करीन, डॉक्टर. इथं काठावर बसून पोहणाऱ्या पोरांकडं तरी बघते. तिथं नुसत्या पाण्याकडं किती बघत बसू?”

डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख लिहून दिली. मग म्हणाले, “जखम भरेपर्यंत मात्र काठावरच बसायचं हं.”