पणतीचा होकार

फार पूर्वी एका कुंभाराच्या अंगणात भट्टी होती. तेव्हा तिथं फक्त पणत्या घडत. भट्टी पेटण्याआधी पणतीला विचारायची, "वाळलीस का गं?" पणती "हो" म्हणाली, की पेटायची.

पुढे जाड पोटाचा रांजण आला. प्रश्न मात्र तोच राहिला. पणती "हो" म्हणाली आणि भट्टी पेटली.

धाडकन आवाज झाला! रांजणाच्या ठिकऱ्या उडाल्या, त्यांच्याखाली पणत्यांचाही चुरा झाला. भट्टी हादरलीच. "अगं बाई! मी विचारलं होतं ना!"

राखेतून रांजणाची खापरी म्हणाली, "ओला तर रांजण होता. त्याला कुठं विचारलंस?"

पुढच्या खेपेला नवी पणती "वाळले, वाळले!" म्हणून ओरडत राहिली. भट्टी गारच होती. नवा रांजण अजून बोलला नव्हता.